हिस्टरीत फक्त टायपिंग दिसतं

प्रश्न : नाशिकमधल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं हे पत्र. पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून सार देते आहे.

पाच जणांचा ग्रुप. विषय : गोदाघाट ते भांडी बाजार या पट्ट्यातल्या दुकानदारांचं पुरात होणारं नुकसान. रिपोर्ट इंग्रजीत आहे आणि तो गुगल डॉक्सवर सगळ्यांनी मिळून लिहायचा, असं सुरुवातीलाच ठरलं. पत्रलेखिका म्हणते, सप्टेंबरपासून गाडा मी एकटीच ओढते आहे. ग्रुपमधला एक मुलगा पेठ तालुक्यातून एसटीने येतो, त्याच्याकडे लॅपटॉप नाही. घाटावरच्या मुलाखती त्याने घेतल्या, 'पण डॉकमध्ये त्याचं काहीच नाही'. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत लांबलचक मेसेज टाकतो, ते इंग्रजीत करून हीच डॉकमध्ये घालते. 'पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की माल माळ्यावर चढवतो, असं काहीबाही लिहितो, ते सगळं नीट करावं लागतं.' दोन-तीनदा तो हिच्या लॅपटॉपवर बसून टाइप करून गेला, 'तेवढंच'. दिवाळीनंतर फाइलचा फार गोंधळ झाला म्हणून हिने तिची नवी कॉपी काढली आणि तिला 'फायनल' नाव दिलं. ग्रुपमध्ये शाळेपासूनची एक मैत्रीणही आहे. 'ती पण फारसं करत नाही, पण तिचं जरा वेगळं आहे.' उरलेले दोघं आपापला भाग करतात. आता व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलमध्ये कुणी कधी काय बदललं याची प्रत्येकाच्या वेगळ्या रंगातली नोंद, उघडली की जिकडेतिकडे हिचाच रंग दिसतो. सबमिशन मार्चअखेर आहे. त्या हिस्टरीचे स्क्रीनशॉट गाइड सरांना दाखवून त्या मुलाचे मार्क कमी करायला सांगावं का, की ती चुगली होईल, असा प्रश्न आहे. शेवटची ओळ : 'टूल तर खोटं बोलत नाही ना?'

उत्तर :

ते स्क्रीनशॉट सरांना दाखवू नकोस. आज ज्या अवस्थेत ते आहेत त्या अवस्थेत तर नकोच.

चुगलीचा विचार डोक्यातून काढून टाक. काम न करता कुणी मार्क घेत असेल तर ते सांगणं ही चुगली नव्हे, आणि वर्षभर राबून गप्प बसण्यात काही मोठेपणाही नाही. माझी हरकत वेगळी आहे. तुझा पुरावा कच्चा आहे, आणि तो कच्चा कसा हे तुझ्याच पत्रात लिहिलेलं आहे.

तो मुलगा दोन-तीनदा तुझ्या लॅपटॉपवर बसला. त्या वेळी लॅपटॉपवर खातं कुणाचं उघडं होतं? तुझंच असणार. म्हणजे त्याने बसून जे काही टाइप केलं त्याला तुझं नाव आणि तुझा रंग लागला. तो मेसेजमध्ये लिहितो आणि तू ते इंग्रजीत करून डॉकमध्ये घालतेस, तेही तुझ्याच रंगात. आता ती दिवाळीनंतरची कॉपी. गुगल डॉक्समध्ये फाइलची कॉपी काढली की जुन्या फाइलची हिस्टरी तिच्यासोबत येत नाही. नव्या फाइलचा जन्म त्या दिवशीचा, आणि त्यातला सगळा मजकूर जणू कॉपी काढणाऱ्यानेच आणून ठेवल्यासारखा. सप्टेंबर ते दिवाळी कुणी काय केलं ते जुन्या फाइलमध्ये आहे, 'फायनल'मध्ये नाही. तू जुनी फाइल डिलीट केली नसशील तर ती उघड आणि तिची हिस्टरी बघ. तिथे तुला बाकीच्यांचे रंगही सापडतील.

आणखी एक शक्यता आहे. लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे तो एडिट करू शकतो' अशी उघडी ठेवली असेल, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कुणी लॉग-इन न करता लिहिलं असेल, तर त्याची नोंद निनावी होते. स्वतःचा लॅपटॉप नसलेला मुलगा लिहायला कुठे बसेल? लॅबमध्येच. शिवाय जुने बारीकसारीक बदल गुगल कधीकधी एकत्र करून टाकतं, त्यामुळे महिन्यांपूर्वीची हिस्टरी मिनिटामिनिटाची असेलच असं धरून चालू नकोस.

तेव्हा, टूल खोटं बोलतं का? नाही. कुठल्या खात्यावरून, कधी, कोणती अक्षरं आली एवढंच ते सांगतं. काम कुणी केलं हे त्याला कुणी विचारलेलं नाही आणि त्याला ते माहीतही नाही. रामकुंडापासून भांडी बाजारापर्यंत दुपारच्या उन्हात दुकानादुकानांत थांबणं, गिऱ्हाईक आलं की बाजूला सरकणं, 'नंतर या' असं ऐकून पुन्हा जाणं, यातलं काहीच डॉकमध्ये उमटत नाही. त्या रंगांवरून कोण कामाचं आणि कोण बिनकामाचं हे ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

आता त्या 'काहीबाही'बद्दल बोलू, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य ते आहे.

'पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की माल माळ्यावर चढवतो.' तू नाशिकची आहेस, गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती म्हणजे काय हे तुला सांगायला नको. गोदेला पूर आला की आख्खं शहर पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला हेच विचारतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुटला हा आकडा सरकारी. नकाशावरची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हीसुद्धा सरकारी. पण दुकानदार माल नेमका कधी हलवतो, हे यातल्या कुठल्याच कागदावर नाही. ते त्या मुलाने काढून आणलं. कमरेला पाणी हा त्या दुकानदाराचा धोक्याचा इशारा आहे. शेजारच्या दुकानदाराचा इशारा कदाचित गुडघा असेल, कारण त्याचं जोतं खाली आहे. अशी पंधरा-वीस उत्तरं एका तक्त्यात मांडली की तुमच्या प्रोजेक्टला कणा मिळतो. तू ते 'नीट' करून काय लिहिलंस हे पत्रात नाही, पण अंदाज आहे : पुराच्या काळात दुकानदार योग्य ती खबरदारी घेतात. असं वाक्य घाटावर पाऊल न ठेवताही लिहिता येतं.

म्हणजे तू काम केलं नाहीस का? तर तसं मुळीच नाही. मराठी मेसेजचं इंग्रजी प्रकरण करणं, पाच जणांच्या पाच तऱ्हा एका सुरात आणणं, हे कष्टाचं आणि डोकं खाणारं काम आहे. रात्री बाराला आकडे जुळवत कोण बसलं असेल ते मला कळतं. आपलं काम आपल्याला जवळून दिसतं आणि दुसऱ्याचं लांबून, एवढाच मुद्दा. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकॉली या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांची उत्तरं एकत्र केली की बेरीज शंभराच्या वर जायची. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही माणसं स्वतःचा वाटा जास्त सांगत होती. म्हणजे हा नुसता बढाईचा प्रकार नव्हता. आपण केलेलं आपल्याला पटकन आठवतं, एवढंच. तुमच्या पाचही जणांना वेगवेगळं विचारलं तर बेरीज किती होईल याचा विचार कर. मी तर दीडशेच्या खाली धरणार नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. तुझ्या पत्रात त्या मुलाबद्दल भरभरून लिहिलेलं आहे. तो काय लिहितो, कसा येतो, त्याच्याकडे काय नाही, सगळं. आणि जिच्याकडे लॅपटॉप आहे, घरी वायफाय आहे, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे (हे तूच लिहिलं आहेस), तिच्या कामाबद्दल एकच ओळ : तिचं जरा वेगळं आहे. वेगळं काय आहे? ती घरी काही सोसते आहे का, आजारी आहे का? तसं असेल तर ते ग्रुपला कळायला हवं, म्हणजे काम वाटून घेता येईल. आणि ती शाळेपासूनची मैत्रीण आहे एवढंच कारण असेल, तर मग मार्क कापायला तू ज्याच्याशी भांडण झालं तरी चालेल असा माणूस निवडला आहेस. हे वाचून राग येईल. आला तर येऊ दे, पण सरांच्या केबिनबाहेर उभं राहण्याआधी या प्रश्नाचं उत्तर स्वतःला दे.

ग्रुपमध्ये प्रत्येक मेसेजवर अंगठा टाकणारी, 'हो गं, करते' म्हणणारी आणि न करणारी व्यक्ती टूलच्या हिशेबात सगळ्यात सक्रिय दिसते. सतत ऑनलाइन, सगळं सीन केलेलं. रेंज नसलेला मात्र गायब दिसतो. पेठकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात रेंज किती असते हे त्या बाजूला गेलेल्या कुणालाही विचार.

इथे आपल्या एका गृहीतकाकडेही बघायला हवं, आणि ते तुझ्या एकटीचं नाही, बऱ्याच शिक्षकांचंही आहे. सगळ्यांना एकच लिंक पाठवली म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळाली, असं आपण धरून चालतो. लिंक एकच असते, पण एक जण ती मोठ्या स्क्रीनवर उघडतो आणि दुसरा सहा इंची फोनवर. त्या फोनचं स्टोरेज भरलेलं असतं, रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असतो आणि कधीकधी तो फोन धाकट्या भावाच्या अभ्यासालाही द्यावा लागतो. फोनवर चाळीस पानांच्या इंग्रजी डॉकमध्ये आपला परिच्छेद शोधून तो दुरुस्त करून बघ एकदा, लॅपटॉपला हात न लावता. डॉक्सवर लिहायचं हे ठरवताना त्याला कुणी विचारलं होतं का? पत्रात 'ठरलं' एवढंच आहे. कुणी ठरवलं ते नाही.

मग आता काय करायचं?

आधी दोघांशी वेगवेगळं बोल, ग्रुपवर नाही आणि फोनवरही नाही. त्या मुलाला फक्त विचार : तू आजवर काय काय केलंस ते मला सांग, मी लिहून घेते. किती दुकानं झाली, कुठली रेकॉर्डिंग फोनमध्ये पडून आहेत, कुणी बोलायला नकार दिला. माझा अंदाज आहे की यादी तुझ्या अपेक्षेपेक्षा लांब निघेल. छोटी निघाली तर तेही कळेल. मैत्रिणीशी बोलताना मात्र गोल गोल बोलू नकोस. 'तू काहीच करत नाहीस' हे वाक्य निरुपयोगी आहे, त्यावर ती दुखावणार आणि तू माफी मागणार. त्यापेक्षा सरळ सांग : 'नुकसानीच्या तक्त्याचं काम तुझ्याकडे होतं, जानेवारीत देते म्हणालीस, अजून आलेलं नाही. तुला जमणार आहे का? नसेल तर आज सांग, मी दुसऱ्या कुणाला देते. पण मग त्या भागापुढे तुझं नाव नसेल.' शाळेपासूनची मैत्री एवढं ऐकून मोडत नाही. ती मोडते ती मागून काढलेल्या स्क्रीनशॉटनी.

मग पाचही जण एकदा समोरासमोर बसा. लायब्ररीत, कॅन्टीनला, कुठेही. फक्त पेठची शेवटची सोयीची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारून वेळ ठरवा. 'संध्याकाळी सहाला भेटू' असं ज्याला सीबीएस बसस्थानकावर गाडी गाठायची आहे त्याला सांगणं म्हणजे येऊ नकोस असंच सांगणं. बैठकीत जुनी फाइल उघडा आणि हिस्टरी सगळ्यांसमोर बघा. हो, तीच हिस्टरी जी तू सरांना दाखवायला निघाली होतीस. पाच जण एकत्र बघतात तेव्हा 'हे तर मी तुझ्या लॅपटॉपवर लिहिलं होतं', 'हा तक्ता मी व्हॉट्सअ‍ॅपवर दिला होता' अशी भर पडत जाते आणि मग तिचा खरा उपयोग होतो.

त्याच बैठकीत एक शीट बनवा. रकाने चारच : काम, कोण, कधीपर्यंत, कुठे अडकलंय. सगळी मदार त्या चौथ्या रकान्यावर आहे. आपली मुलं 'झालं नाही' हे सांगायला लाजतात, मग गप्प राहतात, मग त्या गप्प राहण्याला आपण आळस म्हणतो. 'दुकानदार दोनदा नाही म्हणाला', 'तक्ता फोनवर उघडत नाही', 'मला हा भागच कळलेला नाही' हे लिहायला हक्काची जागा मिळाली की निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. आणि काम लिहिताना 'चॅप्टर तीन बघून घे' असलं काही लिहू नका. 'गुरुवार रात्रीपर्यंत भांडी बाजारातल्या दुकानांचा तक्ता : २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात दुकानात पाणी किती चढलं, कोणता माल भिजला, विमा होता का' असं लिहा. भांडीवाल्याचं आणि कापडवाल्याचं नुकसान एका रकान्यात कोंबू नका, एवढं मात्र बघा. पितळेचं पातेलं गाळ धुऊन परत विकता येतं, भिजलेल्या साड्यांच्या गठ्ठ्याचं तसं नाही.

फ्रेंच अभियंता माक्सिमिलियां रिंगेलमान याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेले प्रयोग १९१३ मध्ये छापले होते. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाची ओढ एकट्याने ओढतानाच्या साधारण निम्म्यावर यायची. हे उदाहरण ग्रुपमधल्या कामचुकारांबद्दल नेहमी दिलं जातं. पण रिंगेलमानचं स्वतःचं म्हणणं होतं, की बरीचशी घट सगळ्यांचा जोर एकाच क्षणी न लागल्यामुळे होते. आळसाचा भाग असतोच, पुढच्या प्रयोगांत तोही दिसला. पण तुमच्या ग्रुपमधलं किती काम आळसाने अडलं आणि किती ताळमेळ नसल्याने, हे ती शीट महिनाभर भरल्याशिवाय तुला सांगता येणार नाही.

आता टूलबद्दल, कारण ती टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. पाच जणांना एक डॉक, एक शीट, एक ड्राइव्ह फोल्डर आणि तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, बास. ट्रेलो, नोशन आणि आणखी दोन अ‍ॅपं डाउनलोड करायला लावणारा उत्साही मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो, त्याला चहा पाजून गप्प करा. व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा होऊ द्या, पण जे ठरेल ते डॉकच्या पहिल्या पानावर तारखेसकट एका ओळीत उतरवा. गुड मॉर्निंग आणि वाढदिवसांच्या गर्दीत तीन आठवड्यांपूर्वीचा निर्णय शोधायची वेळ येऊ नये.

दुसऱ्याने लिहिलेलं थेट खोडणं आजपासून बंद कर. डॉक्समध्ये सजेशन मोड आहे. त्यात तू केलेला बदल सूचना म्हणून दिसतो, मूळ वाक्य जागेवर राहतं, आणि ज्याचं त्याला तो स्वीकारता किंवा नाकारता येतो. 'मारुतीच्या कमरेला' हे शब्द तसे वाचले असते. एखाद्याला काही विचारायचं असेल तर कॉमेंटमध्ये अ‍ॅट लावून त्याचा ईमेल निवड, काम त्याच्या नावावर नेमून देता येतं आणि त्याला मेलही जातो. शीटमध्ये एखादा आकडा कुणी बदलला असा वाद झाला तर त्या चौकटीवर राइट-क्लिक करून तिची एडिट हिस्टरी बघता येते, आख्खी फाइल उकरावी लागत नाही. आणि फाइल गोंधळली की पुन्हा नवी कॉपी काढू नकोस. व्हर्जन हिस्टरीतच त्या क्षणाच्या आवृत्तीला नाव देता येतं, 'सरांना दाखवलेली', 'मुलाखती घातल्यावर', असं. मग 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' ही रांग लागत नाही.

त्या मुलासाठी : त्याने डॉक्सच्या अ‍ॅपमध्ये ती फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवावी. रेंज नसताना लिहिलेलं रेंजमध्ये आल्यावर आपोआप चढतं. त्याच्यासाठी चाळीस पानांच्या डॉकमधून मुलाखतींचा भाग वेगळ्या छोट्या डॉकमध्ये काढा आणि तिथे त्याला मराठीतच लिहू द्या, त्याच्या स्वतःच्या खात्यावरून. जीबोर्ड या गुगलच्या फोनवरच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करता येतं. २०१७ पासून ती सोय आहे आणि आता बरीच सुधारली आहे. एसटीची वाट बघत उभ्या उभ्या मुलाखतीचा वृत्तान्त बोलून टाकता येतो. त्याचं इंग्रजी तू कर, आणि रिपोर्टमध्ये त्या प्रकरणाखाली स्वच्छ लिहा : मुलाखती आणि मूळ नोंदी अमुक, इंग्रजी लेखन अमुक. दोघांचीही मेहनत कागदावर आली, की हिस्टरीतल्या रंगांची गरज उरत नाही. मूळ फोटो आणि रेकॉर्डिंग मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून नकोत, तिथे फोटो दाबले जातात. कॉलेजच्या वायफायवरून सरळ ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चढवा. फोल्डर सगळ्यांचं असलं तरी फाइल ज्याने चढवली त्याच्याच १५ जीबीतून जागा जाते, आणि त्याने उडवली तर सगळ्यांचीच जाते. म्हणून महत्त्वाच्या रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या कुणीतरी लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

इंजिनीअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांचीही अशीच पत्रं येतात, तिथे भांडण गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या, कुणी किती काम नोंदवलं ते दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांवरून असतं. दोघं एका कॉम्प्युटरवर बसून कोड लिहितात आणि कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद, एकाच्या नावावर पडतं. कमिटच्या मेसेजखाली 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ इंग्रजीत घालून जोडीदाराचं नाव आणि ईमेल दिला की गिटहब दोघांनाही लेखक धरतं. आणि सर्किट कुणी सोल्डर केलं, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन पार्ट कुणी आणला, हे गिटहबला कधीच कळणार नाही, ते शीटमध्येच लिहायचं.

सरांकडे कधी जायचं? महिन्याअखेर, पाचही जणांनी, आणि मागणी घेऊन. रिपोर्टला 'कामाची विभागणी' असं एक पान जोडायची परवानगी मागा, त्यावर पाचही सह्या. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रत्येकाला त्याच्या भागावर आधी प्रश्न विचारावेत, अशी विनंती करा. बऱ्याच गाइडना हे आवडतं, कारण त्यांनाही कोण बुडवतंय याचा अंदाज असतो, फक्त हातात काही नसतं. (रोल नंबरप्रमाणे ग्रुप पाडून 'आता जमवून घ्या' म्हणणाऱ्या सरांनी खरं तर हे पान स्वतःहून मागायला हवं, पण ते असो.) त्या पानावर सही करताना जिने काम केलेलं नाही तिला स्वतःच्या नावापुढे काय लिहायचं हा प्रश्न पडेल, आणि तो तिलाच पडू दे. शीटमध्ये नाव, तारीख, काम सगळं स्पष्ट असूनही, समोरासमोर बोलूनही एखाद्याने काहीच दिलं नाही, तर मात्र सबमिशनच्या आधी एकटीने जाऊन सरांना सांगायला अजिबात कचरू नकोस. मग तो मुलगा असो की मैत्रीण. तेव्हा तुझ्याकडे रंगीत स्क्रीनशॉट नसतील, ठरलेलं काम, उलटून गेलेली तारीख आणि तू त्या व्यक्तीला आधी सांगितल्याची नोंद असेल. त्या कागदाला उत्तर देणं अवघड जातं.

व्हायवाची तयारी करताना एक बघ. बाहेरून आलेल्या परीक्षकाने 'दुकानदारांना पुराची सूचना सरकारी यंत्रणेकडून आधी मिळते की ते स्वतःच ओळखतात?' असं विचारलं तर उत्तर त्या मुलाला देऊ दे, मराठीत दिलं तरी चालेल का हे सरांना आधी विचारून ठेव.

आणि जे तू विचारलेलं नाहीस ते सांगते. तुमच्या सर्वेच्या शीटमध्ये दुकानदारांची नावं, फोन नंबर आणि नुकसानीचे आकडे असणार. ती शीटही डॉकसारखीच लिंक असलेल्या कुणालाही उघडत असेल, तर आज रात्रीच शेअरिंगमध्ये जाऊन ती फक्त पाच जणांच्या आणि सरांच्या ईमेलपुरती ठेव. रिपोर्टला जोडायच्या प्रतीतून नंबरांचा रकाना काढून टाक आणि नावांच्या जागी 'दुकान १', 'दुकान २' लिही. त्या माणसांनी तुमच्या एका मित्राकडे बघून माहिती दिली आहे, त्यांच्या नुकसानीचा आकडा बाजारात फिरलेला त्यांना चालणार नाही.